सातव्या वयाचा कोट

६ जानेवारी

आजपासून ही वही सुरू करतो. आमच्या घरात एक मोठं काम निघालं आहे, आणि मोठ्या कामाचा अहवाल कोणीतरी लिहावाच लागतो. मी जन्मभर पूल तपासले. ज्या तपासणीचा अहवाल नाही ती तपासणी झालीच नाही, असं हाताखालच्या पोरांना सांगत आलो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता हाताखाली कोणी नाही, पण सवय जात नाही.

काम हिचं आहे. हिने तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि एके दिवशी नोकरी सोडून कपडे बेतायला शिकायला गेली. रीतसर संस्थेत नाव घालून. वर्गातल्या मुली आमच्या लेकीपेक्षाही लहान. त्या हिला आजीबाई म्हणून खिजवतील अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात त्या हिला 'बॉस' म्हणतात. हे कळल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अर्थात, दाखवलं नाही.

आता शेवटचं सत्र. प्रत्येकीने एका विषयावर पोशाखांचा संच करायचा आणि मार्चमध्ये भरल्या सभागृहात रॅम्पवर दाखवायचा. कोणी समुद्र घेतला आहे, कोणी फुलपाखरं. हिने घेतलं आहे माणसाचं वय. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत आठ अवस्था, आठ पोशाख.

"प्रत्येक वयात माणसाचं स्वतःशी एक भांडण चालू असतं," ही म्हणाली. "तान्हं बाळ विचारतं, या जगावर विसंबू का? दोन वर्षांचं म्हणतं, माझं मी करीन, आणि लगेच आपटतं. मला ते भांडण शिवायचंय."

"भांडण शिवतात होय? भांडणाने तर उसवतं," मी म्हणालो.

ही हसली. "चांगलं बोललात. लिहून ठेवा."

म्हणून ही वही.

१० जानेवारी

जेवणाचं टेबल गेलं. त्यावर मांजरपाटाचे तागे, खडू, टाचण्या. आम्ही ओट्याशी उभं राहून जेवतो. हरकत नाही. बांधकाम चालू असताना रहदारी वळवावीच लागते.

दोन वर्षांच्या मुलाचं जाकीट तयार झालं आहे आणि ते बघून मी थक्क झालो. मोठमोठी बटणं, मोठमोठी काजं. कुठलंही बटण कुठल्याही काजात घाला, जाकीट नीटच बसतं. फक्त दर वेळी वेगळं दिसतं. पोरगं चुकूच शकत नाही. खाली औषधांचं दुकान आहे, त्या औषधवाल्याच्या मधल्या मुलाला घालून पाहिलं. त्याने स्वतःचं स्वतः लावलं आणि आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू पूल त्यानेच बांधला.

तान्ह्यासाठी वेगळं झबलं नाहीच. आईच्या खांद्यावरून उतरलेलं कापड तसंच पुढे बाळाभोवती जातं, मध्ये शिवण नाही. "सांधा कुठे आहे?" मी शोधत राहिलो. ही म्हणाली, "त्या वयात सांधा नसतो."

तीस वर्षं ही हेच वर्गात बोलत होती आणि मी कधी जाऊन ऐकलं नाही. असो. पूल लांब लांब होते.

१७ जानेवारी

आज संस्थेत गेलो. गाठोडं उचलायला कोणीतरी हवं होतं, आणि कार्यक्रमाच्या कागदावर सही करताना सोबत माणूस असलेला बरा.

तिथल्या मुख्य शिक्षिकेला मुली मागून 'कातरबाई' म्हणतात. बोलणं खरोखर कात्रीसारखं. त्यांचं म्हणणं, रॅम्पवर चालणारी मुलं-मुली संस्था बोलावते, सगळी विशीतली, उंच, सवयीची. म्हाताऱ्याच्या पोशाखाला पांढरा टोप लावू.

"नको," ही म्हणाली. "वय टोपात नसतं, गुडघ्यात असतं. चालण्यात असतं. मी माझी माणसं आणीन, त्या त्या वयाची."

"बाई, ती माणसं रॅम्पवर अडखळतील."

"अडखळू देत."

"एक जरी आयत्या वेळी गळाला तरी तुमचा संच अपुरा धरला जाईल. अपुरे संच मंचावर जात नाहीत, व्हरांड्यात हँगरवर टांगले जातात. दोन वर्षांची मेहनत आहे तुमची. विचार करा."

"केलाय," ही म्हणाली.

मी मध्ये पडून तोडगा सुचवणार होतो, पण हिने माझ्या पायावर पाय ठेवला. बाहेर आल्यावर हिने गाठोड्याची गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. मी म्हणालो, "काळजी करू नकोस, मी आहे ना." ही म्हणाली, "हो, तुम्ही आहातच. तुम्हाला सातवा पोशाख घालायचाय."

२० जानेवारी

मी सातवा! आठवा नव्हे. ही गोष्ट मी दोनदा विचारून पक्की करून घेतली. सातवं वय म्हणजे कर्तेपण. माणूस उभा राहिला, त्याने काहीतरी उभं केलं, आता पुढच्यांना द्यायचं. माझी निवड मला योग्यच वाटते. निवृत्त झालो म्हणून कोणी लगेच आठव्यात ढकलत नाही.

आठव्यासाठी ही समोरच्या बाकावरच्या आजोबांना विचारणार आहे. आमच्या इमारतीसमोर झाडाखाली एक बाक आहे. सकाळी खिडकी उघडली की हे तिथे बसलेले. बाकवाले आजोबाच म्हणतात त्यांना सगळे. हात कापतात. दिवसभर नुसतं बसायचं! मला त्यांची फार कीव येते. खिडकीतून मी त्यांना रोज पाहतो, सकाळी चहा घेताना, मग पेपर वाचताना, मग दुपारीही.

२६ जानेवारी, रविवार

लेक आली होती. दर रविवारी येते. तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यात हाडांचे फोटो काढायच्या यंत्रावर काम करते. ती सहावा पोशाख घालणार आहे. सहावं वय म्हणजे तरुणपण, जोडीदाराचं. वाळलेली दिसते. हल्लीच्या मुलींना खाण्याचं वेड नाही, न खाण्याचं वेड आहे. जावई आले नव्हते, बहुतेक कामात.

तिचा पोशाख मला नीटसा पटला नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. निळा लांब झगा, उजवी बाजू घट्ट बेतलेली, आणि डाव्या बाजूला ढीगभर कापड तसंच मोकळं सोडलेलं. दुसरं माणूस आत मावेल एवढं. तशीच एकटी घालून चालली तर ते कापड मागे फरफटत येतं. मी म्हणालो, "हे जास्तीचं कापड कापून टाक. विनाकारण भार."

ही टाचण्या लावता लावता थांबली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टाचणी टोचली," ती म्हणाली.

हिला मी सांगितलं, जरा जपून. जाताना लेकीला म्हणालो, "जावयांना माझा नमस्कार सांग." ती बरं म्हणाली.

३ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी मी तासभर उभा राहतो आणि ही माझ्या अंगावर कोट बेतते. संस्थेतला पुतळा विशीतल्या पोराचा, त्याला पोट नाही आणि पोक नाही. ती सोय माझ्याकडे आहे.

मला हे उभं राहणं आवडू लागलं आहे. ही हल्ली माझं बोलणं इतकं मन लावून ऐकते! मी तिला नदीवरच्या मोठ्या पुलाचं सांगितलं, निरोप समारंभाचं सांगितलं, साहेबांनी माझं नाव चुकीचं उच्चारलं तेही सांगितलं. ही विचारते, "मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत?" मी सांगितलं: नेहमीसारखा उठलो, दाढी केली, इस्त्रीची पँट घातली, बूट घातले आणि खिडकीत बसलो. "अजूनही बूट घालता," ही म्हणाली. मी म्हणालो, शिस्त म्हणून.

 हिने खडूने पाठीवर एक रेघ ओढली.

११ फेब्रुवारी

कोट शिवून होत आला. राखाडी, जाड, भारी कापड. कॉलर इतकी उंच की मान वळवता येत नाही. खांद्यांवर वजन फार येतं, म्हणून मी भाराची आकृती काढून दिली. हिने ती कौतुकाने पाहिली आणि वजन तसंच ठेवलं. खिसे शिवून बंद केले आहेत. ते उघडायचे राहिलेत, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

"राहिले नाहीत," ही म्हणाली.

नवीन फॅशन असेल. आरशात पाहिलं तर रुबाबदार दिसतो. थोडा जड, पण रुबाबदार.

१९ फेब्रुवारी

आजचं लिहू की नको, अशा विचारात बराच वेळ गेला. पण अहवालात फक्त चांगलं लिहायचं नसतं.

संस्थेत पूर्वपाहणी होती. आठही माणसं आपापल्या पोशाखात ओळीने उभी. औषधवाल्याची बायको बाळ घेऊन. तिची थोरली मुलगी पाचव्या, म्हणजे किशोरवयाच्या, पोशाखात. ते जाकीट चारही बाजूंनी उलटं घालता येतं आणि ती पोरगी दर दोन मिनिटांनी उलटं करत होती. सगळे हसत होते. मी छाती काढून उभा होतो.

कातरबाई एकेक पाहत आल्या. माझ्यापाशी थांबल्या. कॉलर पाहिली, खिसे चाचपले, माझ्याभोवती एक फेरी मारली. मग हिच्याकडे वळून, पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाल्या, "हा तुमचा सगळ्यात उत्तम. काय अचूक पकडलंय! साचलेलं पाणी. हातांना काम नाही, खिशात जायला वाट नाही, मान वळत नाही म्हणून शेजारी काय चाललंय ते दिसत नाही. खिडकीत बसलेला माणूस. कुठे सापडला हो तुम्हाला हा?"

मागच्या वेळी त्या मला गाठोडं उचलणारा गडी समजल्या असाव्यात. मुली जमिनीकडे बघायला लागल्या. लेकीने "बाबा" म्हणून हाक मारली. औषधवाल्याचं पोर तेवढं बटणं लावत होतं.

मी कोट काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला आणि घरी चालत आलो.

२४ फेब्रुवारी

बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. ही बोलते, मी 'हं' म्हणतो.

सारा गाव हसला असता तरी चाललं असतं. पण ज्या माणसाला मी रोज संध्याकाळी मन मोकळं करून सांगत होतो, ते माणूस खडूने माझ्या पाठीवर रेघा ओढत होतं!

आज जेवताना ही म्हणाली, "तुम्ही नाही आलात तर मी तो कोट दुसऱ्या कोणाला घालणार नाही."

"मग व्हरांड्यात टांग."

"टांगीन."

दोन वर्षं ही पहाटे उठून सुईत दोरा ओवत होती. तरी मी ताट उचलून धुवायला नेलं. 

२५ फेब्रुवारी

सकाळी हिने कोट आणून टेबलावर पालथा टाकला. "तुम्ही बाहेरून पाहिलात, बाईंनीही बाहेरूनच पाहिला. आतून कोणीच पाहिला नाही. एवढं बघा आणि मग टांगायचं की नाही ते ठरवू."

मी ज्याला अस्तर समजत होतो ते अस्तर नव्हतं. आत दुसरा कोट होता. गडद केशरी, मऊ, हलका, उबदार. हात लावला तर सोडवेना. कडेने आकडे लावलेले, ते सोडवले की आतला कोट संपूर्ण निघून येतो. मग बाहेरचा राखाडी कोट निम्मा हलका होतो, खांदे सुटतात, कॉलर आपोआप खाली पडते.

"सातव्या वयात हेच भांडण असतं," ही म्हणाली. "आतलं आतच ठेवायचं की कोणाला द्यायचं. न देणाऱ्याचा भार वाढत जातो. मला तुमचा अपमान करायचा नव्हता हो. तुमच्या आत काय आहे ते मला माहीत आहे, इतकी वर्षं त्याच्या उबेत राहिलेय. तुम्हीच त्याला आकडे लावून बसलात."

"आणि ते रॅम्पवर काढून कोणाला द्यायचं?"

"ते मला शिवता नाही येत. ते तुम्ही ठरवा."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. आकडे मात्र नाजूक आहेत, जास्त मजबूत हवेत, हेही सांगितलं. तेवढं न सांगणं माझ्याने झालं नाही.

२७ फेब्रुवारी

खिडकीत बसवेना म्हणून खाली उतरलो. बाकवाले आजोबा एका जुन्या सदऱ्याची बटणं लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. आठव्या पोशाखाची तालीम. कापऱ्या बोटांनी.

"बसा," ते म्हणाले. "रोज दिसता वर. म्हटलं, हे खाली कधी उतरणार?"

मी बसलो. आणि पाहतो तर त्यांना बसायला वेळच नाही! शाळेत जाणारी पोरं त्यांच्याकडे दप्तर टाकून खेळायला पळतात. पोस्टमन पत्ता विचारतो. एक बाई येऊन नवऱ्याची तक्रार करून गेली, दुसरीने किल्ली ठेवायला दिली. मी कीव करत होतो या माणसाची! इथे अख्खी गल्ली त्यांच्या बाकावरून जाते, आणि मी वरून त्यांचं टक्कल मोजत होतो.

मग ते म्हणाले, "तुमची कन्याही बसते इथे. रविवारी, वर जायच्या आधी. फार गोड मुलगी. एकटीला घर खायला उठतं म्हणते."

"एकटी कुठे?" मी म्हणालो. "जावई आहेत की."

 आजोबांचं बटण काजातून निसटलं. ते पुन्हा लावत म्हणाले, "मी बोलायला नको होतं. तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चाललो."

जिना चढून आलो. ही मशीनवर होती. मी विचारलं, "कधीपासून?"

हिने विचारलंही नाही काय ते. "दिवाणासकट सामान हलवलं जावयांनी पावसाळ्यात. तेव्हापासून वेगळे राहतात. ती म्हणाली, बाबांना मी स्वतः सांगेन. दर रविवारी ठरवून येते. मग तुम्ही तिला पुलांचं सांगता, नमस्कार पाठवता, आणि ती तशीच जाते."

मी आत जाऊन निळ्या झग्याचं ते मोकळं कापड हातात घेऊन बसलो. कापून टाक म्हणालो होतो मी.

२८ फेब्रुवारी

हिला सांगितलं, मी येतो आहे. ही म्हणाली, "बरं." आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरून आली.

८ मार्च

कार्यक्रम झाला. जसं घडलं तसं लिहितो, कारण हे लिहायला माझ्याखेरीज दुसरा लायक माणूस नाही.

सभागृह गच्च भरलेलं. आधीचे संच सुंदर होते. समुद्राचे तर खरोखर लाटांसारखे. सगळ्या पोरी सरळ, उंच, चालता चालता कोणाकडे न बघणाऱ्या. मग हिचा संच.

आधी औषधवाल्याची बायको बाळाला घेऊन आली. बाळ झोपलं होतं. दुसरं काही घडलंच नाही, ती नुसती चालत आली आणि माझ्या कानांना ऐकू आलं की सभागृह शांत झालं. मग दोन वर्षांचा गडी आला, रॅम्पच्या मध्यावर बसला, सगळी बटणं काढून पुन्हा लावली आणि उठून गेला. हशा आणि टाळ्या. मग गल्लीतली दोन पोरं तिसऱ्या-चौथ्या पोशाखात चालून गेली. पाचवी पोरगी जाकीट चारदा उलटं करून, शेवटी जे नको होतं तेच घालून ऐटीत गेली. जो तो चालून झाला की मागे ओळीत उभा राहत होता.

सहावी आमची लेक. निळं कापड तिच्या मागे फरफटत होतं. तिने ते उचललं नाही. मान ताठ. पडद्यामागून तिची पाठ पाहिली आणि मला वाटलं, पोरीला मान एवढी ताठ ठेवायला मीच शिकवलं, आणि मग ती किती दुखते ते विचारायचं राहून गेलं.

मग मी. कोट भारी होता.  कातरबाई म्हणाल्या होत्या तसा एकदा अडखळलोही. टोकापर्यंत गेलो, वळलो. इथे आतला कोट काढून द्यायचा. कोणाला ते ठरलं होतं, पण हिला मी सांगितलं नव्हतं.

ओळीत लेकीसमोर जाऊन उभा राहिलो आणि आकडे सोडवायला लागलो. माझ्या आग्रहाने मजबूत केलेले आकडे! एकही सुटेना. संगीत संपत आलं. माझी बोटं आजोबांसारखी कापायला लागली. तशी लेक पुढे आली, शांतपणे एकेक आकडा सोडवत गेली, लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या सोडायची तशी. केशरी कोट माझ्या हातात आला. तो मी तिच्या खांद्यांवर घातला. निळ्या झग्याची मोकळी बाजू त्याच्या आत गोळा झाली, फरफटणं थांबलं.

"बाबा, हे असं ठरलं होतं?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "मला उशिरा कळलं."

तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यामुळे मी ठरल्या जागी न जाता तिच्याच शेजारी उभा राहिलो.

शेवटी आजोबा. त्यांचा पोशाख म्हणजे आधीच्या सातांच्या उरलेल्या तुकड्यांचा लांब अंगरखा, सगळे रंग, पिसासारखा हलका. तो त्यांनी खांद्यावर टाकून आणला आणि मध्यावर उभं राहून घालायला घेतला. बटणं. कापरी बोटं. पहिलं लागलं. दुसरं निसटलं. संगीत संपलं. कातरबाई विंगेतून एका मुलीला पुढे ढकलत होत्या मदतीला. आजोबांनी तिला हाताने थांबवलं. त्या शांततेत एवढे लोक एका म्हाताऱ्याला बटण लावताना बघत होते आणि कोणी खोकलंही नाही. शेवटचं बटण लागलं तेव्हा त्यांनी कॉलर नीट केली आणि हसून म्हणाले, "चला."

मग जो कल्लोळ झाला तो मला लिहिता येत नाही. लोक उभे राहिले. हिला पुढे आणलं. ही आली ती रोजच्या कपड्यांत, मानेवर मोजपट्टी तशीच. वर्गातल्या मुली ओरडत होत्या, "बॉस! बॉस!" मीही ओरडलो. बायकोला या नावाने हाक मारण्याची माझी पहिलीच वेळ, पण शब्द तोंडात अगदी बरोबर बसला.

निकाल: पहिला समुद्राला, दुसरा हिला. परीक्षकांच्या हिशेबात काहीतरी तांत्रिक चूक आहे असं माझं ठाम मत आहे आणि तसं मी कातरबाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "माझंही." मग थोडं थांबून, "त्या दिवशी मी बोलले ते..." मी म्हणालो, "बाई, ते अचूक होतं. फक्त अर्धं होतं."

ही मात्र समुद्रवालीच्या गळ्यात पडून तिचं कौतुक करत होती. इतका मोठेपणा माझ्यात नाही. म्हणूनच तिच्यासारखी बायको मला मिळाली याचा अभिमान जरा जास्तच वाटतो.

९ मार्च

लेक काल आमच्याकडेच राहिली. सकाळी ही उठायच्या आत मी चहा टाकला. लेक केशरी कोट अंगावर घेऊनच बाहेर आली, डोळे चोळत. टेबल अजून हिच्या कापडांनी भरलेलं. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो.

मी विचारलं, "बाळा, कशी आहेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काही बोललो नाही. एरवी मला ते जमत नाही.

मग ती बोलायला लागली. चहा गार झाला, मी पुन्हा गरम केला, तोही गार झाला. ही मध्ये एकदा दारात आली आणि तशीच परत गेली.

लेक काय बोलली ते या वहीत लिहीत नाही. ते तिचं आहे. मी ऐकलं, एवढीच नोंद.